आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये मुख्य नळी कापली गेली. ग्राहक आयोगात जावं का?

कृष्णाकाठ | ९ जून
नमस्कार मंडळी. आठ वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा असा काढावा लागतोय.

आई, वय ६१. जेवल्यावर उजव्या बरगडीखाली दुखायचं, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. फेब्रुवारीत आमच्या जिल्ह्याच्या गावी एका खासगी हॉस्पिटलात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. "चार भोकं, तिसऱ्या दिवशी घरी" असं सांगितलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी घरी पाठवलंही. फक्त तिला सरळ उभं राहता येत नव्हतं. पोट फुगलेलं, अंगात कणकण. विचारलं तर म्हणाले, "दुर्बिणीसाठी पोटात गॅस भरतो ना आम्ही, तो निघेल हळूहळू." सहाव्या दिवशी डोळे पिवळे. परत नेलं. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं, सुई घालून काढलं तर ते हिरवट पिवळं पित्त. त्याच संध्याकाळी "पुण्याला हलवा".

पुण्यात एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, केली. पित्ताशयाची छोटी नळी कापायची असते, त्याऐवजी यकृतातून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनलिकाच कापली गेली होती. खालच्या टोकाला क्लिपा, वरचं टोक उघडं, पित्त थेट पोटात. तोंडातून दुर्बीण घालून स्टेंट टाकायचा प्रयत्न झाला, पण क्लिपांपाशी वाट बंद. मग बरगड्यांमधून यकृतात नळी घातली आणि बाहेर पिशवी. आतला संसर्ग उतरेपर्यंत थांबायचं म्हणून आई नऊ आठवडे ती पिशवी घेऊन वावरली. साडीला पिनेने अडकवायची. शेजारच्या बायकांनी विचारू नये म्हणून वरून खणाच्या कापडाची थैली शिवली होती. बाबा रोज सकाळी पिशवी रिकामी करून किती मिली भरलं ते किराण्याच्या वहीत लिहायचे. ४५०, ५२०, ३८०. एप्रिलअखेर मोठं ऑपरेशन झालं, आतड्याचं वेटोळं वर ओढून यकृताच्या नळीला जोडलं. आता बरी आहे. अकरा किलो उतरली आहे, आणि जोड पुढे आकसू शकतो म्हणून तपासण्या कायमच्या.

पहिलं ऑपरेशन ६५ हजारांचं. पुढचं सगळं मिळून साडेआठ लाख, त्यातले पाच मेडिक्लेमने दिले.

बाबा म्हणतात केस नको. "माझा हर्निया त्यांनीच केलाय, पंधरा वर्षांची ओळख, गाव लहान." मला झोप लागत नाही. गेलेले पैसे दिसतात, पण त्याहून जास्त खटकतं ते हे की त्या सर्जननी आजतागायत एकदाही समोर बसवून "असं झालं" म्हणून सांगितलेलं नाही. अनुभवी लोकांनी सांगावं, यात पडावं का?

हेमांगी_क
वाचून अंगावर काटा आला. आईंना आराम पडो. सल्ला देण्याइतकी माहिती नाही, पण ती खणाची थैली डोळ्यांसमोरून जात नाहीये.

रोखठोक_नाना
केस वगैरे सोडा, दहा वर्षं चपला झिजतील. पन्नास माणसं घेऊन जा, रिसेप्शनची एक काच फुटली की डॉक्टर आपोआप समोर येऊन बसेल.

व्यवस्थापक
नाना, असले सल्ले इथे नकोत. बाकी सर्वांना विनंती: कुठल्याही हॉस्पिटलचं किंवा डॉक्टरचं नाव, अगदी आद्याक्षरंसुद्धा, लिहू नका. उडवलं जाईल.

काळाकोट
नानांची काच आधी उचलते. महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी वेगळा कायदा आहे. डॉक्टर किंवा हॉस्पिटलवर हात टाकलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. शिवाय ज्या दिवशी काच फुटते त्या दिवसापासून तुम्ही तक्रारदार राहत नाही, आरोपी होता.

आता कृष्णाकाठ यांच्यासाठी. मी वकील आहे, ग्राहक आयोगातली वैद्यकीय प्रकरणं दोन्ही बाजूंनी लढवली आहेत. इथे लिहितेय तो सल्ला नाही, दिशा समजा.

सगळ्यात आधी कागद. ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या: संपूर्ण इनडोअर केसपेपरची प्रत हवी. डिस्चार्ज कार्ड म्हणजे केसपेपर नव्हे. संमतिपत्र, भूलतज्ज्ञाची नोंद, ऑपरेशनची नोंद, औषधांचा तक्ता, आणि मुख्य म्हणजे नर्सिंग नोट्स. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत द्याव्या लागतात. अर्ज हाती देऊन पोच घ्या, पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्ट एडी. नोटीस, भांडण, फेसबुक सगळं त्यानंतर. आधी धमकी दिलीत तर फाईल "सापडत" नाही, किंवा सापडते तेव्हा फार सुवाच्य अक्षरात असते.

मुदत दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासून. उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. फेब्रुवारी धरून चाला.

तक्रार कुठे? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आल्यापासून तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगातही करता येते. आणि कुठल्या पातळीवर जायचं ते तुम्ही किती भरपाई मागता यावर नाही, सेवेसाठी किती पैसे मोजले यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यामुळे तुमचं जिल्ह्यातच. मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर फीही नाही. मेडिक्लेमने पैसे भरले तरी तुम्ही ग्राहकच.

निकाल किती दिवसांत? कायद्यात तीन ते पाच महिने लिहिलंय. हसू नका.

चहाटळ
एक प्रामाणिक शंका. डॉक्टर चुकला तर ग्राहक आयोग. वकील चुकला तर?

काळाकोट
वाटच बघत होते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही.

चहाटळ
हसून हसून पुरेवाट. म्हणजे केस हरलो तर नाना आणि पन्नास माणसं.

टाकेवाला
जनरल सर्जन आहे, बावीस वर्षं. शिव्या खाणार हे माहीत असून लिहितो.

पित्तनलिकेला इजा ही या ऑपरेशनची जगभर माहीत असलेली गुंतागुंत आहे. पोट उघडून करायचो तेव्हा हजारात एक-दोन, दुर्बिणीतून हजारात तीन ते पाच. पित्ताशय सुजलेलं असलं की सगळं एकमेकांना चिकटतं. छोटी नळी आणि मोठी नळी एका रेषेत ओढली जातात आणि मोठीच छोटी भासते. पडद्यावर तुम्हाला खात्री वाटते की बरोबर नळी धरली आहे, आणि ती चूक असते. यासाठी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या स्ट्रासबर्ग यांनी एक शिस्त मांडली: तो भाग पूर्ण साफ करा, पित्ताशयात शिरणारे दोनच धागे दिसू देत, एक नळी आणि एक धमनी. ते दिसल्याशिवाय कात्री लावायची नाही. दिसत नसेल तर पोट उघडा, किंवा पित्ताशय अर्धवट काढून बाहेर या. यात कमीपणा नाही, पण नातेवाइकांना तो वाटतो. "दुर्बिणीचे पैसे घेतले आणि पोट फाडलं" हे मी ऐकलेलं आहे.

म्हणून नुसती नळी कापली गेली यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. चांगल्या हातांकडूनही हे झालं आहे. तुमच्या सर्जननी पंधरा वर्षांत शेकडो केली असतील. एका केसवरून त्यांना आयुष्यातून उठवू नका.

पण तुमच्या मजकुरातलं एक मला खटकलं. इजा होणं वेगळं, आणि ती न ओळखणं वेगळं. पित्ताशय काढल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट फुगलेला, ताप असलेला पेशंट घरी का गेला, हे मला कळत नाही. कागद आले की त्या दोन दिवसांकडे बघा.

सुमेधा_डों
टाकेवाला, शिव्या नाही देत, पण "माहीत असलेली गुंतागुंत" हे शब्द ऐकून माझं डोकं फिरतं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, तिसऱ्या दिवशी डोळ्यात पू, डोळा गेला. आम्ही आयोगात गेलो. डॉक्टरांच्या वकिलांनी पुस्तकातली चार पानं लावली, त्यात लिहिलेलं की सगळी काळजी घेऊनही असा संसर्ग होतो. आमच्याकडे तज्ज्ञाचं मत नव्हतं. पाच नेत्रतज्ज्ञांना भेटले. पाचही जणांनी फाईल बघून तोंडी सांगितलं "उशीर झालाय", लिहून द्यायला एकही तयार नाही. सहा वर्षांनी हरलो. अपिलाला बाबाच नको म्हणाले. पैशांपेक्षा मला त्या पाच जणांचा राग आहे.

टाकेवाला
तो राग रास्त आहे. लिहून न देणाऱ्यांत मीही असेन कदाचित. परिषदेत तोच माणूस शेजारच्या खुर्चीत असतो.

जुनीकात्रणं
तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात म्हटलं आहे. चूक उघड दिसत असेल तर घटनाच बोलते. पण सुमेधाताईंच्या बाबतीत ती उघड नव्हती, असं आयोगाला वाटलं असावं.

थोडं अवांतर, पण महाराष्ट्राचा वैद्यकीय निष्काळजीपणाच्या कायद्याशी जुना संबंध आहे. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. टॅक्सीने पुण्याला आणला. तिथे पूर्ण भूल न देता, मॉर्फिनवरच, माणसांकरवी पाय ओढून हाड बसवलं आणि प्लास्टर घातलं. मुलगा त्याच दिवशी गेला. जोशी विरुद्ध गोडबोले म्हणून ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९६८ मध्ये निकाल लागला, डॉक्टर दोषी. भरपाई ३,००० रुपये. डॉक्टरने पेशंट घ्यायचा की नाही, कोणता उपचार करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्हींत काळजी घेतली पाहिजे, हे त्यात आहे आणि आजही उद्धृत होतं.

दुसरं तेव्हाच्या औरंगाबादचं. १९६३ मध्ये सरकारी रुग्णालयात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत बाईच्या पोटात मॉप (रक्त टिपायचं कापड) राहिला, ती गेली. नवऱ्याला न्याय मिळाला १९९६ मध्ये. तेहतीस वर्षं.

रोखठोक_नाना
तेहतीस!! आणि मी काच म्हटलं तर व्यवस्थापक उठले.

वऱ्हाडी_ठेचा
नाना, सगळ्यायचंच तसं नसते. आमच्या वैनीच्या सिझेरियनमध्ये कापडाचा बोळा राहिला होता. पाच महिने पोट दुखते, पोट दुखते. डॉक्टर म्हणे बाळंतपणानंतर असं होतेच, मनातलं आहे. नागपुरात सीटी स्कॅन केला तं बोळा दिसला. दुसऱ्या डॉक्टरनं काढला आन् काढतानाचा फोटो दिला, तारखेसगट. आमच्याकडं तज्ज्ञ-बिज्ञ कोणी नव्हता. तो फोटोच तज्ज्ञ. साडेचार वर्षं लागले, चार लाख भेटले. अपील झालं, तिथंही आमचंच.

एक सांगतो. वैनी एकाही तारखेले आली नाही. दादा जाये. वैनीनं मले एकदा इचारलं, भाऊजी, तो डॉक्टर येते का तिथं? म्हटलं नाही, त्याचा वकील येते. ते म्हणे मंग काय फायदा.

शांताराम७०
ज्याचे त्याचे भोग. डॉक्टर काय मुद्दाम करतो का? आई वाचली हे मोठं. आमच्या वेळी पित्ताशयाचे खडे कुणाला माहीतही नव्हते.

हेमांगी_क
काका, माहीत नव्हते म्हणून माणसं कावीळ म्हणून जायची.

लीड्सची_मंजू
मी इंग्लंडमध्ये नर्स आहे. इकडे २०१४ पासून कायदाच आहे: उपचारात पेशंटला ठरावीक पातळीच्या वर इजा झाली तर हॉस्पिटलने स्वतःहून पेशंटला किंवा घरच्यांना बोलावून सांगायचं, माफी मागायची आणि ते लेखी द्यायचं. आणि माफी म्हणजे दोष कबूल केला असं धरत नाहीत. दावा करायचा तर माहिती कळल्यापासून तीन वर्षं मुदत, आणि पैसे डॉक्टरच्या खिशातून नाही, सरकारी यंत्रणेकडून येतात. म्हणून लगेच न्याय मिळतो असं समजू नका, इथेही वर्षानुवर्षं चालतं. पण "काय झालं" हे विचारण्यासाठी केस करावी लागू नये एवढं तरी ठरलेलं आहे. कृष्णाकाठ यांचं शेवटचं वाक्य वाचून हेच आठवलं.

चहाटळ
आमच्याकडे संमतिपत्रावर सही घेताना जेवढी घाई असते तेवढी बँकेत कर्ज देतानाही नसते. माझ्या अपेंडिक्सला मी सात ठिकाणी सह्या केल्या. एक बहुधा किडनीदानाची होती. अजून दोन्ही आहेत, सोनोग्राफी करून घेतली.

प्रवीणनाशिक
६ कोटींचा एक निकाल आहे ना? कोलकात्याचा?

काळाकोट
आहे. कुणाल साहा यांचा. पत्नी १९९८ मध्ये गेली, निकाल २०१३ मध्ये, ५ कोटी ९६ लाख. पण ते स्वतः अमेरिकेत डॉक्टर होते, वैद्यकीय बाजू स्वतः मांडू शकत होते आणि पंधरा वर्षं दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. तो आकडा धरून कुणी माझ्याकडे आलं की मी आधी चहा मागवते.

पोलिसांत जायचं का, हा प्रश्न व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) आला म्हणून इथेच उत्तर. जेकब मॅथ्यू प्रकरणापासून, म्हणजे २००५ पासून, डॉक्टरवर फौजदारी लावायची तर ढोबळ, अक्षम्य स्वरूपाचा निष्काळजीपणा लागतो आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र डॉक्टरांचं मत घ्यायचं असतं. तिथे "क्लीन चिट" आली की ग्राहक आयोगात समोरचा तोच कागद नाचवतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार वेगळी करता येते. ती परवान्याविषयी असते, पैसे मिळत नाहीत.

गुळपोळी
मी तडजोड केलेली आहे, म्हणून वेगळं सांगते. दाताच्या डॉक्टरने चुकीची दाढ काढली. वरची दुखत होती, खालची काढली. एक्स-रे समोर टांगलेला! नोटीस पाठवल्यावर ४० हजार आणि नवा दात देतो म्हणाले. घेतलं. कागदावर सही केली की याबद्दल कुठे बोलणार नाही. म्हणून इथे गुळपोळी नावाने लिहितेय. पश्चात्ताप नाही. पण जेवताना रोज जीभ तिथे जाते.

चहाटळ
जीभ जाते, बोलता येत नाही.

गुळपोळी
:)

व्यवस्थापक
मेडिक्लेमच्या हप्त्यांवरचे एकोणीस प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत.

कृष्णाकाठ | २८ जून
सगळ्यांचे आभार. काळाकोटताईंनी सांगितलं तसंच केलं. पहिल्यांदा काउंटरवर म्हणाले, फाईल ऑडिटला गेलीय. रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला, नवव्या दिवशी ६८ पानांची झेरॉक्स मिळाली, पानाला दहा रुपये लावून. ऑपरेशनचा व्हिडिओ मागितला होता, तो "ठेवत नाही" असं लेखी दिलं.

मी कॉमर्सवाला. पण हिशेबतपासनीस असल्यामुळे कागद वाचायची सवय आहे. चार रात्री बसलो.

ऑपरेशनची नोंद छापील, एक पान. पहिल्याच ओळीत "४५ वर्षांचा पुरुष रुग्ण". आई ६१ ची बाई आहे. खाली सगळं व्यवस्थित झाल्याचं लिहिलंय, ते कुणाचं व्यवस्थित झालं देव जाणे.

संमतिपत्र इंग्रजीत. "संभाव्य गुंतागुंत" या शब्दांपुढची जागा कोरी. सही बाबांची.

आणि नर्सिंग नोट्स. त्या मराठीत आहेत, निळ्या बॉलपेनने, घाईच्या अक्षरात. दुसऱ्या दिवशीच्या रात्री २:४० ला: "पोट फुगले आहे, ताप १०१, पेशंट विव्हळते, सरांना फोनवर कळवले." पहाटे ५:१५ ला पुन्हा: "पोट दुखते, नाडी ११८, सरांना कळवले." तिसऱ्या दिवशी सकाळी ९ ला: "ताप १००.४, पेशंट नाश्ता घेत नाही." सकाळी ११ ला डिस्चार्ज. कार्डावर: "ताप नाही, प्रकृती उत्तम."

रात्रपाळीच्या त्या सिस्टरचं नाव वाचता येत नाही, नुसती आद्याक्षरं आहेत. तिने दोनदा फोन केला होता हो.

टाकेवाला
वाचलं. दोनदा वाचलं.

नळी कापली गेली त्याबद्दल मी आधी जे लिहिलं त्यावर ठाम आहे. पण या नोंदींनंतर ११ वाजताच्या डिस्चार्जचा बचाव मी करणार नाही. दुसऱ्या रात्रीच सोनोग्राफी आणि रक्ततपासणी व्हायला हवी होती. तेव्हाच पित्त बाहेर काढून पेशंट मोठ्या हॉस्पिटलला पाठवला असता तर पोटातला संसर्ग एवढा पसरला नसता. दुरुस्तीचं मोठं ऑपरेशन कदाचित तरीही लागलं असतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. समोरचा वकील नेमकं हेच म्हणेल, तयारी ठेवा. पुण्याच्या कागदात इजेची प्रत काय लिहिली आहे?

कृष्णाकाठ
"स्ट्रासबर्ग ई२".

टाकेवाला
म्हणजे मुख्य नळी, यकृताच्या डाव्या-उजव्या नळ्या जिथे जुळतात तिथून दोन सेंटिमीटरच्या आत. वरच्या बाजूची इजा. पुण्याच्या सर्जनना वेगळं मत मागायची गरज नाही, त्यांचं डिस्चार्ज कार्ड हेच बरंच बोलतं. लागणारे वैद्यकीय लेख मी व्यनि करतो. माझं नाव मात्र कुठे नको.

सुमेधा_डों
सहावा भेटला. अर्धा का होईना.

काळाकोट
संमतीचा मुद्दा हलका समजू नका. आई शुद्धीत, सज्ञान, स्वतः सही करू शकत होत्या. मग सही बाबांची का? समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं: पेशंट स्वतः संमती देऊ शकत असेल तर नातेवाइकाची संमती चालत नाही. तिथे पेशंट भुलेखाली असताना तिच्या आईची सही घेतली होती. आपल्याकडे बाईच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही इतकी अंगवळणी पडलीय की बायकांनाही खटकत नाही.

"४५ वर्षांचा पुरुष" ही चूक ऐकायला भारी वाटते, पण एकटी ती केस जिंकून देत नाही. नोंद गठ्ठ्याने तयार होते एवढं त्यातून दिसतं. तुमची केस नर्सिंग नोट्समध्ये आहे. ते फोन आणि ११ चा डिस्चार्ज.

नोटीस सर्जन आणि हॉस्पिटल दोघांना द्या. त्यांची विमा कंपनी कोणती ते उत्तरातून कळेल, तिलाही पक्ष करू. बाबांची ती मिलीलिटरची वही जपून ठेवा. नऊ आठवडे रोज काय चाललं होतं याचा तेवढा चांगला पुरावा हॉस्पिटलकडेही नसेल.

रोखठोक_नाना
माझा काचेचा प्रतिसाद उडवला तरी चालेल.

व्यवस्थापक
राहू दे, नाना.

कृष्णाकाठ | १४ ऑगस्ट
धागा वर आणतोय, कारण लोक व्यनि करून विचारतायत.

नोटिशीआधी एकदा भेटायचं ठरवलं. बाबांच्या समाधानासाठी. अपॉइंटमेंट घेतली, सर्जन भेटले नाहीत, मॅनेजर भेटले. चहा दिला. आठवड्याने ओळखीच्या एका गृहस्थांमार्फत निरोप आला, "माणुसकी म्हणून" एक लाख, रोख, आणि एका कागदावर सही. बाबा तोवर केसच्या विरुद्ध होते. निरोप ऐकून उठले, आत गेले, हर्नियाची जुनी फाईल आणली आणि टेबलावर ठेवली. म्हणाले, "यात बघ रे, माझी तरी सही माझीच आहे का." होती.

नोटीस गेली. उत्तर विमा कंपनीच्या वकिलांकडून आलं, चार पानं. माहीत असलेली गुंतागुंत, सर्व काळजी घेतली होती, पेशंटने डिस्चार्जनंतर सूचना पाळल्या नाहीत. शेवटचं वाचून आई हसली. म्हणाली, सूचना काय होत्या? कार्डावर लिहिलंय: तेलकट खाऊ नका.

तिला विचारलं, तुला काय हवंय. म्हणाली, त्या पोरीला विचारा ना, रात्री फोनवर सर काय म्हणाले.

तक्रार दाखल केली आहे, आमच्याच जिल्हा आयोगात, आईच्या नावाने. काळाकोटताईंच्या ओळखीचे वकील आहेत.

लीड्सची_मंजू
त्या सिस्टरला साक्षीला बोलावणार का? नोकरी जाईल तिची.

काळाकोट
आयोगात बहुतेक काम प्रतिज्ञापत्रावर चालतं, उलटतपासणीही प्रश्नावली देऊन होते. मूळ नोंदवही आयोगापुढे मागवू, तिला ओढायची गरज पडू नये. गरज पडली तर तेव्हा बघू. विरुद्ध पक्षाला म्हणणं द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे घटनापीठाने २०२० मध्ये दारच बंद केलंय. म्हणजे ही पायरी तरी वेळेत होईल. पुढच्या पायऱ्यांबद्दल मी बोलत नाही.

कृष्णाकाठ, वकिलांनी बाबांची ती मिलीलिटरची मूळ वही मागितली असेल. दिलीत का?

कृष्णाकाठ
अडचण आहे. बाबा द्यायला तयार नाहीत. मागच्या पानांवर दूधवाल्याचा हिशेब आहे, आणि त्याचे जुलैचे पैसे द्यायचे राहिलेत.

काळाकोट
आधी दूधवाल्याचे पैसे द्या. मग झेरॉक्स काढून वही परत करा बाबांना. तारखेला मात्र घेऊन यायला सांगा.